बुडापेस्टात जेवून आलेला चटणीचा डबा

थांबा जरा, झाकण घट्ट बसलंय. हां, आता सुटलं. राम राम मंडळी. मी स्टीलचा डबा बोलतोय. अंगानं गोल, कडीच्या झाकणाचा, आणि पोटात कायम शेंगदाण्याची चटणी. हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट, तिथल्या नामांकित हॉटेलांच्या टेबलावर बसून आलेला यवत-भांडगाव भागातला मी बहुतेक एकटाच डबा असेन. माझ्याबरोबर आठ माणसं होती. त्यांनी तिथं काय काय खाल्लं ते हारतुरे घेऊन गावभर सांगून झालंय. मला हार कोण घालतोय? म्हणून मी आपला न विचारताच सांगतो.

पत्रा होतो तेव्हाचं मला काही आठवत नाही. समज आली ती शिरूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात. म्हाळू नावाचा एक माणूस तिथं आला. त्याच्या बहिणीनं, सरूबाईनं, यवतला हायवेच्या कडेला खाणावळ काढली होती, आणि तिला काहीतरी द्यायचं त्याच्या मनात होतं. त्यानं मला उचललं, बोटानं टकटक वाजवून पाहिलं, झाकण लावून काढून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "नाव टाका ह्याच्यावर." मग ते भुणभुणणारं यंत्र आलं आणि माझ्या पोटावर अक्षरं उमटली, 'सरूबाईस, भाऊ म्हाळूकडून भेट'. लोकांना वाटतं भांड्याला त्यानं गुदगुल्या होतात. दुखतं हो. पण नाव पडलं की भांडं कुणाचंतरी होतं, म्हणून मी गप्प बसलो.

सरूबाईची खाणावळ म्हणजे वर पत्रे, खाली सारवलेली जमीन, चार बाकडी आणि एक मोठी चूल. बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, एखादी उसळ, एवढंच. भाकऱ्या थापायला भागूबाई होती. ट्रकवाले यायचे, कंपनीच्या बसमधून उतरलेले बिहारचे कामगार यायचे, पुण्याच्या यष्टीची वाट बघणारी कॉलेजची पोरं यायची. चटणी मात्र सरूबाई कुणाच्या हाती द्यायची नाही. उखळात स्वतः कुटायची, माझ्यात भरायची आणि वरून मूठ दाबायची. बिहारी पोरं बाकड्यावर बसता बसताच विचारायची, "मावशी, चटनी है ना?" चटणी आहे म्हटल्यावर मग ती नीट मांडी घालायची.

तिचा नवरा म्हणजे पोपटराव. सरूबाईला मी अगंतुगं करतो, ती घरची आहे. पोपटरावांना मात्र अहोजाहो करतो, कारण कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्याला अरेतुरे करायला माझी जीभ रेटत नाही. खाणावळीत त्यांचं काम गल्ल्यावर बसून येणाऱ्याला राजकारण समजावून सांगणं. बाकी वेळ ते भांडगावच्या दूध संस्थेत असायचे. तिथं आधी ते डायरेक्टर होते, मग चेअरमन झाले, आणि चेअरमन झाल्यावर त्यांना लगेच खाणावळीची लाज वाटायला लागली.

त्यात पप्पूनं तेल ओतलं. पप्पू हा त्यांचा मुलगा. रांजणगावच्या कंपनीत होता, नोकरी सोडून घरी आला आणि येताना 'प्रोजेक्ट' नावाचा शब्द घेऊन आला. त्यानं बापापुढं मोठा कागद पसरला. खाणावळ पाडायची, तिथं फॅमिली रेस्टॉरंट बांधायचं, पुढं कारंजं, बाजूला हिरवं प्लॅस्टिकचं गवत, गवतावर सेल्फी पॉइंट. सरूबाईनं कागद उलटा केला, सुलटा केला.

"ह्याच्यात चूल कुठं हाय?" तिनं विचारलं.

"आता चूल कशाला, आई? किचन सगळं स्टीलचं येणार. कुक येणार."

"आन् मी?"

"तू बस की आता घरी निवांत," पोपटराव म्हणाले. "किती वर्सं धूर खाणार? लोक मला इचारत्यात, चेअरमनच्या मंडळीनं भाकऱ्या थापायच्या का म्हणून."

ऐकायला मायेचं वाटतं. पण मी तिच्या हातातच होतो, आणि तिची बोटं माझ्या कडेवर किती घट्ट झाली ते मला कळलं. ती खाणावळ म्हणजे तिचा सगळा जीव होता. सगळ्या हायवेला ती त्या चुलीमुळं माहीत होती. चूल गेली की घरात चार भिंती आणि टीव्ही.

त्याच सुमाराला दूध संस्थेचा अभ्यास दौरा निघाला. दुधाचा अभ्यास करायचा तर जिथं गाई आहेत तिथं जावं, हे मलासुद्धा कळतं. पण ट्रॅव्हलवाल्याकडं बुडापेस्टच्या जागा शिल्लक होत्या. मग बुडापेस्टच्या गाईंइतक्या हुशार गाई जगात नाहीत असा ठराव एकमतानं पास झाला. पप्पूनं मोबाईलवरून बुडापेस्टची दहा उत्तम हॉटेलं शोधून वडलांना दिली. पोपटराव म्हणाले, "दहाच्या दहा खाऊन येतो. आलो की चूल काढायची आन् कामाला लागायचं. आपल्या हॉटेलाचं नावच ठेवू, हॉटेल बुडापेस्ट."

सरूबाई भांडली नाही. जायच्या आदल्या दिवशी तिनं चटणी कुटली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ कुटली, आणि मला गच्च भरून त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवलं.

"मोठ्ठाल्या हॉटेलात जेवणार मी. ही कशाला?" पोपटराव म्हणाले.

"असू द्या. वजन न्हाई तिचं," सरूबाई म्हणाली.

बुडापेस्टच्या विमानतळावर एका गोऱ्या साहेबानं माझं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि ताबडतोब बाहेर काढलं. शिंकतच त्यानं हातानं 'जा, जा' अशी खूण केली. आमचं स्वागत झालं.

तिथं मंडळींना सांभाळायला तेजश्री होती. यवतच्या महेंद्र गुरुजींची मुलगी, शिकायला बुडापेस्टात राहिलेली. पुण्याला कॉलेजात जायची तेव्हा सरूबाईच्या बाकड्यावर रोज भाकरी खाऊन यष्टीत चढणारी. ती मला बघून हसली. "मामा, मामींची चटणी आणलीत?" तिनं विचारलं. पोपटरावांनी घाईघाईनं माझ्यावर टॉवेल टाकला. परदेशात पहिल्याच दिवशी डबा निघालेला त्यांना बरा दिसला नाही.

पहिल्या हॉटेलात टेबलावर मेणबत्ती होती. माऊली आप्पा, म्हणजे संस्थेचे व्हाईस चेअरमन, माळकरी माणूस, ते म्हणाले, "लाईट गेली वाटतं हितंबी." मग पहिली बशी आली. गुलाबी, गार, वर मलई.

"ह्ये काय, सरबत?"

"सूप आहे आप्पा, चेरीचं," तेजश्री म्हणाली.

"मग गरम करून आणाय सांग की."

"ते गारच असतं."

"गार सूप आन् गोड? ह्ये जेवणाच्या आधीचं हाय का नंतरचं, तेवढं इचार."

तिनं विचारलं नाही. मग पुढचं ताट आलं. ताट कसलं, पांढरंशुभ्र माळरान, आणि मधोमध मांसाचा अंगठ्याएवढा तुकडा. तो आठ जणांनी आठ मोबाईलमध्ये घेतला, गावच्या ग्रुपवर टाकला, खाली 'अप्रतिम' लिहिलं, आणि मग एकमेकांकडं बघितलं. तेव्हा पोपटरावांचा हात हळूच टेबलाखाली आला. बॅगेची चेन सरकली. माझं झाकण उघडलं. एक चिमूट, दोन चिमूट, मग आठही हात खाली आले. त्या गार गुलाबी सुपावर मी माझ्या डोळ्यांनी शेंगदाण्याची चटणी पडताना पाहिली आहे. मला डोळे नाहीत हे त्या वेळी बरं वाटलं.

दुसऱ्या हॉटेलात तर लाजच सोडली, मला सरळ टेबलावर ठेवलं. ते कॉफीचं हॉटेल होतं, राजवाड्यासारखं, वर छताला सोन्याचं काम आणि रंगवलेली परीची पोरं. चार पेले कॉफी मागवून ती बशीत ओतून आठ जणांनी फुर्रकन प्यायली. शेजारच्या टेबलावरची म्हातारी आपला पेला खाली ठेवून बघत राहिली. पोपटराव मान वर करून म्हणाले, "ह्या छताचा फोटू पप्पूला पाठव रे. आपण पीओपीत करून घिऊ."

पुढच्या हॉटेलांचं सांगायचं तर आमच्या मंडळींचे वार आडवे आले. एकाचा सोमवार, दोघांचा गुरुवार, तिघांचा शनिवार. माऊली आप्पांचे सगळेच वार. नदीतल्या बोटीवरच्या हॉटेलात माशाचं कालवण फार नावाजलेलं, तर नेमका त्या दिवशी गुरुवार निघाला. गुरुवार नसलेल्यांनी मागवावं, तर चेअरमनच्या पुढ्यात कसं खायचं? चेअरमनचाही गुरुवार. मग आठ जणांनी पाव आणि काकडी खाल्ली. पाव आणि काकडी आणि मी. फोटो मात्र शेजारच्या टेबलावरच्या माशाचा काढला. ग्रुपवर गेला तो 'अप्रतिम' म्हणूनच.

गाई? गाईंचा एक फोटो आहे, बसच्या खिडकीतून काढलेला. त्यात खांब जास्त आलाय.

असं दिवसभर नामांकित हॉटेलात बसायचं आणि संध्याकाळी भुकेनं कळवळत खोलीवर यायचं. तिथं चहाला एक विजेची किटली होती. नाजूक, पांढरी, पाण्याशिवाय दुसरं काही न बघितलेली. माऊली आप्पांनी घरून बेसन आणलं होतं. त्यांनी त्या किटलीत पिठलं लावलं. मी शेजारीच होतो, पण भांड्याला भांड्याची मदत करता येत नाही. पहिल्या उकळीला ती थरथरली, दुसऱ्या उकळीला तिच्या नाकातून पिठलं आलं आणि मग तिच्यात कसलाच आवाज राहिला नाही. खोलीभर करपट वास सुटला. आठ जणांनी मात्र कागदाच्या कपांत ते पिठलं वाटून घेतलं, वरून चटणी घातली, आणि दौऱ्यात पहिल्यांदा कुणीतरी ढेकर दिला.

"आता जेवल्यासारखं वाटलं," पोपटराव म्हणाले. कुणी त्यांना विचारलं नाही की मग ही चूल काढायची का. हे लोक सभेत कधी प्रश्न विचारत नाहीत, तर खोलीत कुठून विचारणार?

शेवटचं हॉटेल यादीत सगळ्यात वरचं होतं. पप्पूनं ते मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितलं होतं. दाराशी काळा फळा, त्यावर खडूनं त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले. आत लोक इतक्या हळू बोलत होते की मला वाटलं कुणी आजारी आहे. भाजलेलं बदक आलं. वार कुणाचा नव्हता, पण सगळे दमले होते आणि घराची आठवण यायला लागली होती. माऊली आप्पा तेवढे पावाकडं बघत बसले होते. "पोरी," ते म्हणाले, "तेवढा कांदा आण म्हणावं. चिरलेला नको, आख्खा."

वेटरनं चांदीच्या ताटात सोललेला कांदा आणला, बाजूला सुरी. आप्पांनी सुरी बाजूला सारली, कांदा पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला आणि आपल्याकडं फोडतात तसा बुक्की मारून फोडला. ग्लास उडाले. अख्खं हॉटेल उभं राहिलं. मुदपाकखान्याचं दार धाडकन उघडलं आणि तिथली मुख्य स्वयंपाकीण बाहेर आली. पिकलेले केस, डोक्याला फडकं, हात लाल. तिला वाटलं काहीतरी पडलं. तिनं फुटलेला कांदा पाहिला, आठ घाबरलेले पुढारी पाहिले, आणि मग उघडा मी दिसलो.

ती वाकली. वास घेतला. बोटाला लावून चाखली. मग खुर्ची ओढून आमच्याच टेबलाशी बसली आणि आणखी एकदा चाखली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं असेल, पण हसत होती.

"मामा, त्या विचारतायत, ही कुणी केली?" तेजश्री म्हणाली.

पोपटरावांच्या छातीत हवा भरली. "आमच्याच हॉटेलची हाय म्हणावं."

"हॉटेलचं नाही, करणारीचं नाव विचारतायत. उद्या त्यांना बदकाबरोबर ही वाढायची आहे. आणि बाहेर फळ्यावर करणारीचं नाव लिहायचंय."

"घरच्यांनी केली, म्हणून सांग."

"नाव, मामा."

आता इथं अडलं. आमच्या भागात जुन्या वळणाचा गडी बायकोचं नाव घेत नाही आणि बायकोही नवऱ्याचं घेत नाही. लग्नात बायकांनी अडवल्यावर उखाण्यात एकदा घ्यायचं, तेवढ्यावर जन्म काढायचा. मग 'पप्पूची आई', नाहीतर 'अगं ए', आणि चारचौघांत 'आमची मंडळी'. सात डायरेक्टर समोर बसलेले. पोपटरावांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं, ते मी पाहिलं. आणि ते परत खाली गेलं.

"लिही म्हणावं," ते म्हणाले, "पोपटराव. चेअरमन."

सातही डायरेक्टरांनी बदकाकडं बघितलं. तेजश्रीनं मला हातात घेतलं, वळवलं आणि माझ्या पोटावर बोट ठेवून त्या बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यात मला 'सरूबाई' ऐकू आलं. त्या बाईंनीही म्हणून बघितलं. त्यांच्या तोंडी ते 'शारूबाई' झालं, पण झालं. त्या वेळी पोपटराव फोटोसाठी कॉलर नीट करत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

बाईंनी उरलेली चटणी वाडग्यात काढून घेतली. मला धुतलं, आपल्या ॲप्रननं पुसलं आणि त्यांच्याकडच्या लालभडक मिरचीची पूड माझ्यात भरून दिली. तेजश्री म्हणाली, "त्या म्हणतात, रिकामं भांडं परत देऊ नये असं त्यांची आई सांगायची. हे त्या बाईंना द्या म्हणतात." ऐकून मला भांडगावातच असल्यासारखं वाटलं. निघायच्या दिवशी मंडळी पुन्हा त्या दारापुढून गेली. फळ्यावर वेटोळ्या अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. पोपटराव त्याच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी फोटो काढून घेतला. नाव आपलंच, ह्यात त्यांना तीळभर शंका नव्हती.

गावात सत्कार झाला. पोपटरावांनी युरोपच्या खाद्यसंस्कृतीवर भाषण केलं, लोक म्हणतात फार अभ्यासपूर्ण होतं. घरी आल्यावर त्यांनी मला सरूबाईच्या हातात दिलं. "तिकडचं तिखट. मुद्दाम तुझ्यासाठी घेतलं."

तिनं चाखलं. "रंग झ्याक हाय. तिखटपणा कुठं ठिवून आला?" असं म्हणाली, पण ते तिखट तिनं जपून जपून वापरलं. नवऱ्यानं आठवणीनं आणलं म्हणून. मला तोंड असतं तर मी तिथंच बोललो असतो.

चूल काढली. काढताना सरूबाई तिथं गेली नाही. पप्पूनं भागूबाईलाही 'बघू पुढं' म्हणून सांगितलं, आणि आमच्याकडं 'बघू पुढं' ह्याचा अर्थ काय होतो ते भागूबाईला चांगलं माहीत होतं. दसऱ्याला हॉटेल बुडापेस्ट उघडलं. सरूबाई त्या दिवशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, नारळ फुटला, आणि मग तिला कुणीतरी गाडीनं घरी सोडलं. त्यानंतर ती भांडगावच्या घरात एकटीच असायची. मी फडताळात, ती टीव्हीपुढं. दिवसातून एकदा उगाच मला काढून पुसायची.

नाताळच्या सुट्टीत तेजश्री गावी आली. ती आधी यवतला उतरून खाणावळीत जेवायला गेली, तर समोर हॉटेल बुडापेस्ट. तिथून ती थेट आमच्या घरी आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मामी, हॉटेलवरचा फ्लेक्स बघितलात?"

"बघितला की. ह्यांचं नाव लिवलंय म्हनं तिकडं फळ्यावर."

तेजश्री तिच्याजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कांदा, बदक, ती बाई, तिखट कुणी कुणाला दिलं ते. सरूबाई मला मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "चल, मला दाखीव."

दोघी यवतला आल्या. मी पिशवीत होतो. हॉटेलच्या दर्शनी बाजूला दोन मजली फ्लेक्स, त्यावर पोपटराव आणि शेजारी, खाली हाताला लागेल असा, तो फळा. एवढ्या हायवेवरच्या एकानंही तो वाचला नव्हता. पप्पू इंग्रजी शिकलेला, पण त्यालाही आधीच सांगितलं होतं की चेअरमनसाहेबांचं नाव आहे, मग कोण वाचत बसतंय? तेजश्रीनं एकेका अक्षरावर बोट ठेवून दाखवलं. सरूबाईनं त्या अक्षरांवर तळहात टेकला. बराच वेळ काढला नाही.

"त्या परमुलखातल्या बाईला माझं नाव घेता आलं," ती म्हणाली. "आन् ह्यांना न्हाई आलं."

रडली ती, उभ्या हायवेवर, पदर न लावता. मग डोळे पुसले आणि रस्ता ओलांडला. पलीकडं भागूबाई राहायची ते पत्र्याचं शेड होतं. भागूबाई दारातच होती. सरूबाई म्हणाली, "भागू, चूल घालू का हितं?" भागूबाई म्हणाली, "इचारती काय? माती भिजवून ठिवलीया कवाची." खरं म्हणजे माती बिती काही भिजवलेली नव्हती, पण संध्याकाळपर्यंत भिजली.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण ते हायवेला लागू नाही. ट्रकवाल्यांनी आठवड्यात वास काढला. बिहारी पोरं आली, "मावशी, कहाँ चली गई थी?" म्हणत बाकड्यावर मांडी घालून बसली. समोरच्या हॉटेल बुडापेस्टात गर्दी नव्हती असं नाही. लोक गाडी लावायचे, सेल्फी पॉइंटवर फोटो काढायचे, ग्रुपवर 'अप्रतिम' टाकायचे आणि जेवायला रस्ता ओलांडून आमच्याकडं यायचे. तिथल्या कुकनं 'हंगेरियन पनीर' नावाचं काहीतरी काढलं होतं. तो कुक दुपारी आमच्याकडं भाकरी खायचा. मग एकेक करून डायरेक्टर यायला लागले. माऊली आप्पा सगळ्यात आधी आले, मान खाली घालून, पण कांदा मात्र पहिल्यासारखाच फोडला.

शेडात जागा कमी, म्हणून आल्याआल्या नाव सांगायचं आणि बाहेर बसायचं. ताट लागलं की आतून नाव पुकारतात. एका दुपारी पोपटराव आले. घरी सरूबाईनं अबोला धरला नव्हता. सकाळची भाकरी त्यांना मिळत होती. चटणी तेवढी मिळत नव्हती. हॉटेलच्या कारंज्याशेजारी उभे राहून ते किती दिवस पलीकडं बघत होते, ते मी कट्ट्यावरून पाहत आलो होतो.

"नाव सांगा," सरूबाई म्हणाली.

"अगं, मी."

"'मी' नावाचं ताट लागत न्हाई हितं."

त्यांनी मागं बघितलं. बाकड्यावर सगळे होते. "पोपटराव," ते हळू म्हणाले.

"बसा. पुकारते."

ते इस्त्रीच्या कपड्यात ट्रकवाल्यांच्या मध्ये बसले. थोड्या वेळानं सरूबाई शेडाच्या दारात आली, पदर सारखा केला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोपटराव, एक ताट."

माऊली आप्पांचा घास हातात राहिला. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव पहिल्यांदा घेतलं होतं, तेही उखाण्याशिवाय. पोपटराव शाळेतल्या पोरासारखे उठले, ताट घेतलं, बसले. भाकरी मोडली. पिठलं घेतलं. मग इकडंतिकडं बघितलं.

"चटणी वाढ थोडी."

सरूबाईनं मला उचललं, पण झाकणावरचा हात काढला नाही. "कुणाची?"

एक ट्रक गेला, दुसरा गेला. पोपटरावांनी ताटात बघितलं, समोरच्या आपल्या फ्लेक्सकडं बघितलं, परत ताटात बघितलं. कान लाल झाले होते.

"सरूबाईची," ते म्हणाले.

तिनं झाकण उघडलं. वाढताना नेहमीपेक्षा जरा जास्तच पडली. त्यांनी खाल्ली, नाक पुसलं, आणि खाली मान घालूनच म्हणाले, "सरू, आजून एक भाकरी दे."

मी अजून तिथंच कट्ट्यावर आहे. कडी जरा सैल झालीय, तळाला एक पोचा आलाय, पण पोट भरलेलं आहे. तुम्ही यवतवरून जाल तर जेवून जा. आणि घरी परत गेलात की जिच्या हातचं इतकी वर्षं खाताय, तिचं नाव घेऊन तिला एकदा सांगा, चांगलं झालंय म्हणून. सवय नाही म्हणून पहिल्यांदा घशात अडकेल. अडकू द्या. चला, मागं लोक खोळंबलेत, झाकण लावतो.